छाट किती?

एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरून सायन्ना बघतो.
चाळीस वर्षं लूमवर जॉबर होता माणूस.
म्हणतो, बेअरिंग गेलंय राजव्वा,
आता तेल घालून चालायचं नाही.

मी काही बोलत नाही.
सूप घ्यायला जाते, तर उजवी मांडी दुमडतच नाही.
आठव्या वर्षी आईशेजारी घातलेली मांडी,
तिच्यावर तेंदूची पानं, तंबाखू, दोरा, दोन बाळंतपणं,
सगळं मावलं.

पहिले डॉक्टर सात रस्त्याचे.
काचेचं दार, आत गारठा, भिंतीवर पडदा,
पडद्यावर पांढऱ्या केसांची बाई चेंडू मारत होती.
समोरून करू, म्हणाले,
स्नायू कापायचा नाही, नुसता बाजूला सारायचा,
तिसऱ्या दिवशी चालाल.
समोरून किती केलेत तुम्ही?
जगात आता हेच चाललंय, म्हणाले.
मी आकडा विचारला होता.

दुसरे गुरुवारचे. सकाळच्या गाडीनं पुण्याहून येतात,
संध्याकाळच्या गाडीनं जातात.
माझा नंबर चौदावा. चार मिनिटं.
फोटोला हात लावला, मला नाही.
शुक्रवारी दुखायला लागलं तर?
कंपाउंडर म्हणाला, फोन आहे की.

घरकुलात तोवर सगळ्याच डॉक्टर झाल्या.
पोसव्वाच्या बहिणीचं बाजूनं केलंय, ती झुलत चालते.
कुणाचा भाचा म्हणतो यंत्रमानव करतो, माणूस नुसता उभा असतो.
जावई म्हणतो, आधी बघा कार्ड कुठं चालतंय.
पोरगा रात्रभर मोबाईलवर लोखंड की चिनीमाती वाचतो.
मला झोप नाही. कूस बदलली की पाय ओरडतो.

तिसरे मैंदर्गी डॉक्टर, साखर पेठेत.
दाराशी जिना नाही, उतार आहे. ते मी आधी बघितलं.
त्यांनी मला दारापर्यंत चालवलं, परत बोलावलं,
पाय हातात घेऊन हळू फिरवला, जिथं ओरडले तिथं थांबले.
काय काम करता?
विड्या. हात चालायचा तेव्हा दिवसाला हजार.

मग माझ्या तोंडून गेलंच.
डॉक्टर, आमच्यात चेकर हजारातली छाट मोजतो.
तुमची छाट किती?

पोरानं टेबलाखालून पाय मारला. डाव्या पायाला, नशीब.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
सहाशेच्या वर केलेत, म्हणाले, जवळजवळ सगळे मागून.
अकरा जणांचा सांधा निखळला.
चौघांना पू झाला, त्यांतला एक परत आलाच नाही.
एका बाईचा पाय बोटभर लांब झाला,
ती मंडईत भेटते, अजून बोलत नाही.

आणि समोरून?
शिकलोय. चार केले. माझा हात मागच्या वाटेलाच बसलाय.

हे मला कळलं.
पानाचं माप बदललं की माझ्याही विड्या पोटात फुगतात.

मांडी घालता येईल?
नाही, म्हणाले. खुर्ची. उंच संडास. खाली पडलेलं उचलायचं नाही.
समोरून केलं असतं तर?
थोडी सूट मिळते, कदाचित. ज्याचा हात तिकडं बसलाय, त्याच्याकडून.
आणि चिठ्ठीवर हैदराबादचं एक नाव लिहून दिलं, स्वतःहून.

ती चिठ्ठी तीन रात्री देवाच्या फोटोमागं होती.
चौथ्या दिवशी मीच काढली,
घडी करून तंबाखूच्या डब्यात ठेवली. फाडली नाही.
जो परक्याचं नाव देतो,
त्याच्यापुढं बेशुद्ध पडायला भीती कमी वाटते,
याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही.

सायन्ना काल सुताराकडून आला. मला खुर्चीवर बसवलं,
टेप लावून सुपासाठी टेबलाचं माप घेतलं,
दोनदा, लूमचं घेतो तसं.
उंची गुडघ्याच्या चार बोटं वर. रंग नको, म्हटलं मी.

मंगळवारी सकाळी उपाशीपोटी बोलावलंय.
डावी मांडी अजून आपोआप दुमडते, खुर्चीवरसुद्धा.
तिला मी काही सांगितलेलं नाही.